खानदेशातला शहामृग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवत असे. माझ्या टेबलाच्या खणात एक काड्यापेटी असायची. दरवर्षी नववीच्या वर्गात, अश्मयुगाचा धडा आला की मी ती खिशात घालून वर्गात जायचो. पेटीत कापसावर ठेवलेला एक तुकडा होता. अंगठ्याच्या नखाएवढा, पिवळसर पांढरा, किंचित बाकदार. मी तो पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवायचो आणि विचारायचो, "सांगा, काय आहे हे?"

उत्तरे ठरलेली असत. कुणी म्हणे कपाची फुटकी कड, कुणी म्हणे हाड. मागच्या बाकावरून एखादा अहिराणीत म्हणे, "सर, हाई ते खापर शे." मग मी सांगायचो, हे शहामृगाच्या अंड्याचे कवच आहे आणि ते आपल्या तालुक्यात सापडले आहे. वर्ग हसायचा. शहामृग आफ्रिकेत असतो, हे सहावीतल्या पोरालाही ठाऊक. तो खानदेशात कशाला येईल?

आज मी त्या पक्ष्याची गोष्ट सांगणार आहे. शेवटी त्या काड्यापेटीचीही सांगेन, कारण ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

आधी नावापासून सुरुवात करू. शहामृग या शब्दात आपल्याला शहा दिसतो आणि मृग दिसतो. म्हणजे हरणांचा राजा की काय, असे वाटते. पण या पक्ष्याचा हरणाशी काही संबंध नाही. मूळ शब्द फारसी आहे, शुतुरमुर्ग. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी. हिंदीत तो शब्द तसाच राहिला. मराठीच्या तोंडी तो आला, तेव्हा आपण त्याला ओळखीचे कपडे चढवले आणि शुतुरमुर्गाचा शहामृग झाला. ग्रीक लोकही त्याला उंटचिमणी अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आजच्या शास्त्रीय नावात, स्ट्रुथिओ कॅमेलस, तो उंट अजून बसलेला आहे.

एवढ्या वेगवेगळ्या लोकांना उंटच का आठवला? लांब मान, लांब पापण्या, वाळवंटात पाण्याशिवाय बरेच दिवस काढण्याची ताकद, हे तर आहेच. पण पाय पाहा. बहुतेक पक्ष्यांच्या पायाला चार बोटे असतात. शहामृगाला दोनच, आणि त्यातल्या मोठ्या बोटावर जाड नखी असते. उंटाच्या पायालाही दोनच बोटे. धावताना जमिनीला टेकणारा भाग जितका कमी, तितका वेग जास्त. शहामृग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावतो. आपल्या एसटीला रस्ता चांगला मिळाला, तरच ती त्याची बरोबरी करील.

आज जगात असलेल्या पक्ष्यांत हा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर अडीच मीटरच्याही वर जातो आणि वजन शंभर ते दीडशे किलो भरते. एवढे धूड उडणार कसे? पंख आहेत, पण ते उडण्यासाठी नाहीत. पळता पळता वळताना तोल सांभाळायला, मादीपुढे नाच करायला, उन्हात पिलांवर सावली धरायला ते कामी येतात. डोळा सुमारे पाच सेंटीमीटर व्यासाचा, जमिनीवरच्या कुठल्याही पाठीच्या कण्याच्या प्राण्यात सर्वांत मोठा. त्याचा मेंदू त्याच्या डोळ्यापेक्षा लहान आहे, असे सांगून लोक हसतात. पण उघड्या माळावर राहणाऱ्याला लांबचे दिसणे किती मोलाचे, ते मेंढपाळाला विचारावे. आफ्रिकेच्या गवताळ रानात झेब्रे आणि हरणे शहामृगाच्या आसपास चरतात. उंच मानेवरचा तो डोळा सिंहाला आधी पाहतो. आणि सिंह जवळ आलाच, तर शहामृग पुढच्या दिशेला अशी लाथ मारतो की सिंहालाही ती महागात पडते.

त्याला दात नाहीत. म्हणून तो खडे गिळतो. पोटातल्या जात्यात ते खडे चारा दळतात. आपल्या कोंबड्याही हेच करतात, फक्त त्यांचे खडे बारीक असतात.

आता त्या जगप्रसिद्ध म्हणीकडे येऊ. संकट आले की शहामृग वाळूत डोके खुपसतो आणि आपण कुणाला दिसत नाही असे समजतो. हे खोटे आहे. असे कुठलाही शहामृग करत नाही. या समजाचे मूळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखकाकडे, थोरल्या प्लिनीकडे, नेतात. त्याने लिहिले होते की हा पक्षी मान झुडपात खुपसतो आणि सगळे अंग लपले असे मानतो. झुडपाची वाळू पुढे कधीतरी झाली. खरी गोष्ट अशी की घरट्यावर बसलेल्या शहामृगाला धोका वाटला, तर तो मान जमिनीसरशी लांब करून निपचित पडतो. दुरून पाहिले तर मातीचा उंचवटा दिसतो. शिवाय अंडी फिरवायला तो चोच घरट्याच्या खळग्यात घालतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, डोके मातीत गेले. म्हणजे ज्याला आपण मूर्खपणा म्हणून हसलो, ते अंडी राखण्याचे काम होते.

हे घरटेही पाहण्यासारखे असते. नर पायाने जमीन उकरून एक उथळ खळगा करतो. त्याची मुख्य मादी तिथे अंडी घालते, आणि दुसऱ्या माद्याही येऊन त्याच खळग्यात अंडी घालून निघून जातात. उबवायला बसतात ती दोघेच, नर आणि मुख्य मादी. मादी मातकट करडी, ती दिवसा बसते. नर काळाभोर, तो रात्री बसतो. रंगाने पाळी वाटून दिली आहे. एका पक्ष्याच्या अंगाखाली साधारण वीसेक अंडी मावतात. त्यापेक्षा जास्त झाली, तर मुख्य मादी काही अंडी घरट्याबाहेर ढकलते. केनियात झालेल्या अभ्यासात असे दिसले की ढकललेली अंडी बहुधा दुसरीची असतात. आपल्या माणसाला सगळी अंडी सारखीच दिसतात. ती स्वतःची अंडी ओळखते. मग दुसरीची अंडी ती मुळात ठेवते तरी का? कोल्ह्या-तरसाने धाड घातली, तर कडेची अंडी आधी जातात, मधली वाचतात. परोपकार आणि हिशेब एकाच खळग्यात.

सुमारे सहा आठवड्यांनी पिले बाहेर येतात. त्यांतली फार थोडी मोठी होतात.

अंड्याचे वजन दीड किलोच्या जवळपास, कोंबडीच्या दोन डझन अंड्यांइतके. कवच सुमारे दोन मिलिमीटर जाड. बशीच्या चिनी मातीसारखे कडक. आफ्रिकेत पांढरे गिधाड चोचीत दगड धरून ते अंड्यावर आपटते आणि कवच फोडते. जेन गुडाल आणि ह्यूगो व्हॅन लाविक यांनी ही गोष्ट १९६६ साली शास्त्रज्ञांपुढे मांडली, तेव्हा मोठी खळबळ झाली होती. हेच पांढरे गिधाड आपल्याकडेही दिसते.

आणि इथे माणूस गोष्टीत येतो. अंड्याला वर एक भोक पाडले, आतले खाऊन टाकले, की एक लिटरहून अधिक पाणी मावणारे, न गळणारे, हलके भांडे तयार. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक अशा अंड्यांत पाणी भरून वाळूत पुरून ठेवत आणि उन्हाळ्यात काढून पीत. मडके भाजायची कला माणसाला यायच्या कितीतरी आधीचे हे मडके. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ या खडकाच्या आडोशात सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीचे कवचाचे तुकडे सापडले. त्यांवर आडव्या उभ्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. आपले भांडे ओळखू यावे म्हणून केलेली ती खूण असेल, किंवा हौस असेल.

अंडे फुटले तरी वाया जात नसे. तुकड्याला मधोमध भोक पाडायचे, असे बरेच तुकडे दोरीत ओवायचे आणि सगळी माळ दगडाच्या खोबणीत घासायची, म्हणजे कडा गोल होतात. झाले मणी. आफ्रिकेतल्या अशा मण्यांची मापे तपासून २०२२ साली संशोधकांनी दाखवले की पन्नास हजार वर्षांपूर्वी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली माणसे सारख्याच मापाचे मणी करत होती. हजारो किलोमीटर लांबची माणसे एकमेकांना ओळखत होती, याचा हा पुरावा. आणि तो टिकला एका पक्ष्याच्या कवचामुळे.

आता खानदेशात येऊ. चाळीसगावहून दक्षिणेला, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. पाटणादेवीला जाणाऱ्या माणसाला ते माहीत असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा शिलालेख इथलाच. जवळच पितळखोऱ्याची लेणी. एवढ्याशा टापूत इतका इतिहास साठला आहे. पण पाटण्याच्या मातीखाली जे होते, ते भास्कराचार्यांच्या कितीतरी आधीचे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे शां. अं. साळी यांनी इथे उत्खनन केले. ते दिवस मला अंधुक आठवतात. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. १९७२चा दुष्काळ पडला होता. माझे वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि संध्याकाळी सुकडी घेऊन येत. पाटण्याकडे सरकारची माणसे माती उकरताहेत आणि चाळणीने चाळताहेत, अशी बातमी गावात आली. वडील म्हणाले होते, "आपण खडी फोडतो ती मोजून घेतात, ते माती उकरतात ती चाळून घेतात. सरकारचं काय सांगावं!"

त्या चाळणीत गारगोटीची बारीक पाती निघाली. आणि शहामृगाच्या अंड्याची कवचे निघाली. त्यांत मणी होते, मणी करता करता अर्धवट राहिलेले तुकडे होते. आणि एक तुकडा असा होता की ज्यावर माणसाने मुद्दाम कोरलेल्या रेघा होत्या. दोन पट्टे, आणि त्यांत एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्राच्या भूमीत कुणी तरी नक्षी काढली, त्याचा इतका जुना पुरावा फार विरळा. अजिंठ्याच्या चित्रकारांपासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या दहापटीहून अधिक दूर ते अजिंठ्याच्या मागे.

आणि पाटणे एकटे नाही. शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या हाडांवरून एका जुन्या शहामृगाला स्ट्रुथिओ एशियाटिकस असे नाव १८७१ सालीच दिले गेले होते. राजस्थानात, मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नदीकाठच्या जुन्या थरांतून कवचे मिळाली आहेत. भोपाळजवळच्या भीमबेटकाला विष्णु श्रीधर वाकणकरांना या कवचाचे मणी मिळाले. म्हणजे हा पक्षी वाट चुकून आलेला पाहुणा नव्हता. तो इथला रहिवासी होता. आज जिथे कपाशी आणि केळी उभी आहे, तिथे उघडी गवताळ माळराने होती आणि त्यांवर शहामृग धावत होते.

मग ते गेले कुठे? हिमयुग संपत आले, पाऊसपाण्याची रीत बदलली, माळरानांची जागा झाडीने घेतली. त्यात अंडी गोळा करणारा माणूस वाढत गेला. कुठल्या कारणाने किती पक्षी गेले, याचा ताळेबंद मातीत मिळत नाही. एवढे दिसते की हिमयुगानंतरच्या थरांत शहामृग सापडत नाही.

पश्चिमेला, अरबस्तानात, तो राहिला. झेनोफन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवले आहे की इसवी सनापूर्वी ४०१च्या मोहिमेत फरात नदीकाठच्या माळावर त्याच्या घोडेस्वारांनी शहामृगांचा पाठलाग केला आणि एकही हाती लागला नाही. घोड्याला हरवणारा हा पक्षी पुढे बावीस-तेवीस शतके तिथे टिकला. पहिल्या महायुद्धानंतर वाळवंटात बंदूक आली आणि मोटार आली. मोटारीला दम लागत नाही. अरबी शहामृगाची शेवटची नोंद १९६६ सालची, जॉर्डनमधली. आमच्या खानदेशात त्याला नाहीसे व्हायला किती काळ लागला ते मातीच जाणे. तिथे पन्नास वर्षे पुरली.

आफ्रिकेतही हीच पाळी आली असती. तिथे गोष्टीने वेगळे वळण घेतले, आणि त्याला कारण पिसे. शहामृगाचे पीस इतर पक्ष्यांसारखे नसते. इतरांच्या पिसाचे धागे एकमेकांत बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, म्हणून पीस सपाट राहते. शहामृगाच्या धाग्यांना ते आकडे नाहीत. म्हणून ते मोकळे, मऊ, हवेवर डुलणारे. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना धागे सारखे. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी या पिसाला सत्याची आणि न्यायाची देवता मात हिची खूण मानले. मेल्यानंतर माणसाचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि शहामृगाचे पीस दुसऱ्या पारड्यात घालतात, अशी त्यांची कल्पना होती. हृदय पिसाहून जड भरले तर पुढची वाट बंद.

तेच पीस एकोणिसाव्या शतकात लंडन-पॅरिसच्या बायकांच्या टोपीवर गेले. मागणी इतकी की रानातले पक्षी मारून ती पुरेना. १८६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी शहामृग पाळायला सुरुवात केली. आर्थर डग्लस नावाच्या शेतकऱ्याने अंडी उबवण्याचे यंत्र तयार केले. आणि एक शहाणपण सगळ्यांच्या लक्षात आले. पिसासाठी पक्षी मारायची गरजच नाही. पिकलेले पीस कापून घ्यायचे, काही महिन्यांनी नवे येते. मेंढीच्या लोकरीसारखे.

लिटल कारू नावाचा तिथला कोरडा भाग आणि औट्सहूर्न हे गाव या धंद्याची राजधानी झाले. शेतकऱ्यांनी पाट काढले आणि लसूणघास पेरला, कारण शहामृगाला तो फार मानवतो. आपल्याकडे म्हशीला घालतात, तोच. लिथुआनियातून छळाला कंटाळून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी पिसांची खरेदी हातात घेतली. लंडनच्या मिन्सिंग लेनमध्ये लिलाव होत. १८६५ साली त्या वसाहतीत पाळलेले शहामृग ऐंशी होते अशी नोंद आहे. १९१३ साली देशभरात ते साडेसात लाखांच्या वर गेले. सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल देशाच्या निर्यातीत शहामृगाची पिसे होती. शेतकऱ्यांनी दगडी वाडे बांधले. लोक त्यांना पिसांचे महाल म्हणत. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तिच्या पोटात पिसांच्या चाळीसहून अधिक पेट्या होत्या. त्याच सुमारास सरकारने आणखी दाट पिसांच्या जातीसाठी एक गुप्त मोहीम नायजेरियाकडे पाठवली आणि तिने दीडशेच्या आसपास पक्षी विकत घेऊन आणले.

ते पक्षी वाढायच्या आत १९१४ साल उजाडले. महायुद्ध सुरू झाले, जहाजे अडली. उघड्या मोटारी आल्या होत्या, त्यांत मोठी पिसांची टोपी टिकत नव्हती. फॅशन बदलली. भाव असा कोसळला की कर्ज काढून पक्षी घेतलेले शेतकरी रस्त्यावर आले. खाऊ घालणे परवडेना, म्हणून पक्षी मारले, सोडून दिले. कापसाचा भाव एका हंगामात उतरला की काय होते, हे आम्हा खानदेशातल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. पुढे कित्येक वर्षांनी कातडे आणि मांस यांवर तो धंदा पुन्हा उभा राहिला आणि आजही औट्सहूर्नला चालतो. मोटारीची धूळ झटकायला याच पिसांचे झटकणे वापरतात. राजमुकुटापासून झटकण्यापर्यंत हा प्रवास.

आता माझी काड्यापेटी.

तो तुकडा मला १९८३ साली सापडला. कॉलेजची सहल होती. आमचे प्राध्यापक आम्हाला पाटण्याच्या परिसरात घेऊन गेले होते. परतताना एका नाल्याच्या काठावर मला तो दिसला. मी उचलला आणि खिशात टाकला. घरी येऊन धुतला, तेव्हा त्यावर बारीक रेघा दिसल्या. काही समांतर, काही एकमेकींना छेदणाऱ्या. पाटण्याच्या त्या प्रसिद्ध तुकड्याबद्दल मी वाचले होते. मला वाटले, हा त्याचाच भाऊ. मी कुणाला दाखवला नाही. कुणी मागून घेईल, ही भीती.

पुढे शिक्षक झालो. तेवीस वर्षे तो तुकडा वर्गावर्गातून फिरला आणि तेवीस वर्षे मी सांगत राहिलो, "पोरांनो, या रेघा पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने कोरल्या आहेत. तुमच्या-आमच्या पूर्वजाने." वर्ग एकदम शांत व्हायचा. ते शांत होणे मला आवडायचे.

२००९ साली पुण्याच्या एका अभ्यासकांची गाठ पडली. मी मोठ्या अभिमानाने पेटी उघडली. त्यांनी भिंग लावले, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. छिद्रांची ठेवण पाहिली, जाडी मोजली. म्हणाले, "कवच शहामृगाचंच आहे, शंका नाही." माझा चेहरा फुलला. मग ते म्हणाले, "पण गुरुजी, रेघा माणसाच्या नाहीत."

त्यांनी मलाही पाहायला लावले. हत्याराने ओढलेल्या रेघेचा तळ धारदार असतो, आत सरळ ओरखडे दिसतात. माझ्या रेघांचा तळ गोल होता, त्या वळत होत्या, मधेच फुटत होत्या. झाडाच्या बारीक मुळ्या कवचाला चिकटून वाढतात आणि त्यांच्या आम्लाने चुना झिजतो. ती ती खूण होती. त्यांनी सांगितले की भारतात कोरीव म्हणून गाजलेल्या कितीतरी कवचांचे पुढे असेच झाले आहे. पाटण्याचा साळींना मिळालेला तुकडा या परीक्षेत टिकला. माझा टिकला नाही.

मग त्यांनी विचारले, "हा नेमका कुठे मिळाला? कुठल्या थरातून?" मला सांगता आले नाही. नाल्याच्या काठावर, एवढेच. काठ कुठला, किती खोल, कसली माती, बरोबर आणखी काय होते, काही लिहून ठेवले नव्हते. तोवर तिथली जमीन सपाट करून शेत झाले होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तिथेच ठेवून कुणाला तरी सांगितलं असतंत, तर यानं खूप काही सांगितलं असतं." रेघा खोट्या निघाल्या याचे दुःख मला आठवड्याभरात पचले. हे वाक्य अजून पचलेले नाही. मी तो तुकडा त्यांच्याकडेच ठेवून आलो.

मग २०१७ साली एक बातमी वाचली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए काढला. पंचवीस हजार वर्षांहून जुन्या कवचात तो शिल्लक होता. तो आफ्रिकेतल्या आजच्या शहामृगाशी बराचसा जुळला. एकेकाळी भारत आणि आफ्रिका जोडलेले होते, त्या भूमीवर या पक्ष्याचे पूर्वज होते का, यावर त्यामुळे पुन्हा चर्चा सुरू झाली. मला वेगळेच वाटले. नखाएवढ्या तुकड्यात हे सगळे असते, आणि ज्या तुकड्यांच्या जागा नोंदलेल्या असतात, तेच ते नीट सांगू शकतात.

त्यानंतरची काही वर्षे, निवृत्त होईपर्यंत, मी रिकामी काड्यापेटी घेऊन वर्गात जात होतो. पोरांना आधी शहामृग सांगायचो, मग पाटणे, मग माझी चूक. एकदा एका मुलीने विचारले, "सर, मग आधीच्या मुलांना तुम्ही खोटं शिकवलं?" मी हो म्हणालो. त्यातल्या जेवढ्यांचे पत्ते मिळाले, त्यांना कार्डे टाकली. काहींची उत्तरे आली. एक जण आता स्वतः शिक्षक आहे. त्याने लिहिले, सर, मी पण माझ्या वर्गात तुमच्या रेघा सांगतो, आता उद्या दुरुस्त करतो.

मित्रहो, पाऊस पडून गेला की नाल्यांचे काठ ढासळतात आणि जुने थर उघडे पडतात. गुरे चारताना, विहीर खणताना, शेताची बांधबंदिस्ती करताना असा एखादा पिवळसर, बाकदार, बशीच्या जाडीचा तुकडा तुमच्या नजरेस पडेल. तो उचलू नका. जागेची खूण करा, शक्य असेल तर फोटो काढा, तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. मोह होईल. मला झाला होता.